गरुडाच्या पायाखालचं अक्षर

जुनी अमेरिकन सोन्याची नाणी जमवायचा मला नाद आहे, असं मी सत्तरच्या दशकात भिवंडीत ज्याला त्याला सांगत फिरायचो. फक्त एक गोष्ट सांगायचो नाही, की जमवलेलं नाणं माझ्याकडे एकही नाही. अहो, असणार कुठून? हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा मास्तर मी. घरात सोनं म्हणाल तर आईच्या कानातली फुलं, आणि मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं तरी ती पदर कानावर ओढून घ्यायची.

हा नाद लावला रद्दीवाल्याने. त्याच्याकडे एकदा मुलांच्या निबंधांच्या वह्या घालायला गेलो आणि येताना कव्हर फाटलेलं एक जाडजूड अमेरिकन पुस्तक घेऊन आलो. पुस्तक नाण्यांचं होतं. त्यात वाचलं, की अमेरिकेत जॉर्जिया म्हणून एक राज्य आहे, तिथल्या डोंगरात डालोनेगा नावाच्या गावाजवळ सोनं सापडलं. एवढं सोनं दूरच्या मोठ्या टांकसाळीत न्यायचं म्हणजे वाटेत लूटमार, म्हणून सरकारने गावातच एक धाकटी टांकसाळ उघडली. तिथे पाडलेल्या नाण्यावर एक इवलंसं ‘डी’ अक्षर असायचं. पुढे त्यांची आपापसांत लढाई जुंपली, टांकसाळ बंद पडली, आणि त्या अक्षराची नाणी दुर्मिळ झाली. बस्स! आमच्या भिवंडीला जॉर्जियाचं काय देणंघेणं? पण मला रात्रंदिवस ते ‘डी’ दिसायला लागलं. वर्गात फळ्यावर ‘डॉग’ लिहिला तरी माझा हात पहिल्या अक्षरावर रेंगाळायचा.

मी भिवंडीतल्या कामतघरच्या एका चाळीत भाड्याने राहायचो. भिंतीला लागून लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं, शेड. चाळीचे आणि लूमचे मालक एकच, कोकणी मुसलमान, सगळे त्यांना चाचा म्हणत. मी सुताराकडून आत मखमल लावलेली लाकडी पेटी करून घेतली होती, नाण्यांसाठी गोल खाचा पाडलेली. चाचांनी ती उघडून पाहिली, सगळ्या खाचांमधून बोट फिरवलं आणि म्हणाले, “मास्तर, लोक सोना तिजोरीत ठेवतात, तू डोक्यात ठेवलायस. चोराची फिकीर नाय. बरा हाय.” बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातली माझी गत. फरक इतकाच की मारायला भटीणसुद्धा नव्हती.

ती आणायचा चंग माझ्या आईने बांधला होता. आई भिवंडीजवळच्या पूर्णा गावात राहायची. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे लग्नाची बोलणी मामा करायचा. मामा एकेक स्थळ आणायचा, मी जायचो, चहा प्यायचो आणि “विचार करून सांगतो” म्हणून उठायचो. विचार कसला करायचो ते देव जाणे. आई म्हणायची, “इचार करून करून तुजं डोकं पिकंल, मंग पोरी इचार करतील.”

असंच एकदा मामा मला जवळच्याच वळ गावात घेऊन गेला. मुलीचा बाप भातशेतीवाला, साधा माणूस. वाटेत मामाने हळूच सांगितलं, की मुलगी चांगली आहे, अकरावी झालेली आहे, पण भिवंडीला शिवणक्लासला सायकलवरून जाते, म्हणून दोन-तीन ठिकाणी नकार आलाय. “सायकलवाली सून नको बोलतात लोक,” मामा म्हणाला. मी “हं” केलं. तेव्हा माझ्या डोक्यात, नेहमीप्रमाणे, जॉर्जिया होतं.

मुलगी चहा घेऊन आली. उंच होती, सावळी होती, असं मला नंतर लोकांनी सांगितलं. मला दिसली ती तिच्या गळ्यातली माळ. काळ्या गोफात ओवलेलं एकच मोठं सोन्याचं नाणं. आमच्याकडे राणीच्या मुंडक्याची गिनी असते बायकांच्या गळ्यात. ही राणी नव्हती. डोक्यावर टोकदार पट्टी बांधलेली बाई, भोवतीनं चांदण्या. ते चित्र मी पुस्तकात इतक्यांदा पाहिलं होतं की झोपेतही काढलं असतं. अमेरिकेचं पाच डॉलरचं सोन्याचं नाणं, वळ गावात, माझ्यापासून हातभर अंतरावर!

मी पुढे वाकलो. आणखी वाकलो. बाईच्या गळ्याखाली साल असतं, ते वाचायचं होतं. मामाने कोपराने मला ढोसलं. मुलीचे वडील छताकडे बघायला लागले. साल वाचलं: अठराशे चोपन्न. म्हणजे डालोनेगाची टांकसाळ तेव्हा चालू होती! मी भानावर कसला येतो? मुलीला म्हणालो, “जरा उलटं करून दाखवता का?”

मुलगी बघायला आलेल्या माणसाने नाव विचारावं, शिक्षण विचारावं, फार तर स्वयंपाक येतो का विचारावं. “उलटं करून दाखवा” असं आजवर कोणी म्हटलं नसेल. पण त्या मुलीने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि नाणं उलटं केलं.

आणि माझं कप्पाळ फुटलं. हे जरा समजावून सांगितलं पाहिजे. अमेरिकन नाण्याच्या दोन बाजू एकमेकींना उलट्या असतात. एकीकडे बाईचं डोकं वर असेल, तर मागचा गरुड खाली डोकं वर पाय. आता आमच्या सोनाराला बाई सरळ दिसायला हवी, म्हणून त्याने बाईच्या डोक्यावर कडी लावली. नुसती कडी लावली असती तरी चाललं असतं. पण नाणं जड, कडी तुटू नये म्हणून मागून सोन्याचं एक टपोरं फूल डाग देऊन बसवलं, बरोबर गरुडाच्या पायांवर. आणि ते ‘डी’ अक्षर असतं कुठे? बरोबर गरुडाच्या पायाखाली! त्या फुलाखाली ‘डी’ असेल तर हे डोंगरातलं दुर्मिळ नाणं. नसेल तर मोठ्या टांकसाळीतलं, चारचौघांसारखं. त्या फुलाखाली काय आहे हे कळल्याशिवाय आता मला झोप येणं शक्य नव्हतं.

बाहेर पडल्यावर मामा म्हणाला, “काय रे? इचार करून सांगतो ना?”

“नाही,” मी म्हणालो. “पसंत आहे. उद्याच कळवा.”

मामाने रस्त्यात मला मिठी मारली. आईने ऐकलं तेव्हा देवापुढे नारळ फोडला. मला कोणी विचारलं नाही की पसंत काय आहे, आणि मीही कशाला सांगतोय!

साखरपुड्याला अवकाश होता. मला कुठला धीर निघायला? एका रविवारी भिंग खिशात घालून मी एकटाच वळ गावी गेलो, भावी सासऱ्यांना भेटायचं निमित्त करून. मुलगी घरात नव्हती, याचं मला काहीही वाईट वाटलं नाही. सासऱ्यांनी माळ आणून माझ्या हातात दिली. मी भिंगातून फुलाच्या कडेकडेने पाहिलं. काही दिसेना. विचारलं, आलं कुठून? ते म्हणाले, “माजा बाप बंदरावर हमाली करायचा. एका खलाशानं दिलं. त्याला भात पायजे व्हता.” भाताच्या बदल्यात डालोनेगा! मी त्यांना जॉर्जियाचे डोंगर सांगितले, खाणी सांगितल्या, टांकसाळ सांगितली. ते बिचारे मांडी घालून “बरं, बरं” करत ऐकत होते. नाण्याची इतकी स्तुती मी केली की मुलीची कुणी कुणाच्या बापासमोर केली नसेल. निघताना दारात वळून वर म्हणालो, “तेवढं नाणं मात्र सांभाळा हां.”

आमच्या भागात एक रीत आहे, आणि ती मला, पूर्णा गावात जन्मलेल्या माणसाला, ठाऊक नव्हती असं नाही. मुलाकडचा माणूस मुलीच्या घरात ज्या वस्तूची स्तुती करतो, ती त्याने मागितली असं समजायचं. तोंडाने मागत नाही कोणी. “तुमची म्हैस झकास आहे हो,” एवढं म्हटलं की म्हशीने निघायची तयारी करायची. मी तर होकार कळवतानाच ऐटीत सांगून बसलो होतो, मला हुंडा नको, मानपान नको, नारळ आणि मुलगी द्या. आणि आता तासभर एकाच दागिन्याचे गोडवे गाऊन, वर सांभाळायची ताकीद देऊन आलो होतो. मुलांना इंग्रजी म्हणींचे अर्थ शिकवणारा मी मास्तर, आणि माझ्याच बोलण्याचा अर्थ मला कळला नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

साखरपुड्याचा दिवस आला. वळ गावी त्यांच्या दारात मांडव घातला होता. मुलगी हिरव्या साडीत समोर बसली. मी आधी गळा पाहिला. गळ्यात नुसता काळा गोफ, नाणं नाही. म्हटलं, आत असेल, लग्नात घालतील. तेवढ्यात सासरे उठले, खिशातून लाल कागदाची पुडी काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या बोटात एक जाडजूड अंगठी घातली.

“जावयबापू,” ते म्हणाले, आणि आनंदाने त्यांचा आवाज चढला होता, “तुमचा जीव कशात हाय ता मी वळखला. पन बाईच्या गळ्यातलं पुरुषानं कसं घालायचं? म्हनून आटवलं. त्याचीच अंगठी केली. फुलाचं सोनं पन त्यातच घातलं. गुंजभर वाया गेलं न्हाय.”

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं. कानात लूम चालू झाल्यासारखं वाटलं. मी कसंबसं विचारलं, “फूल काढलं तेव्हा... खाली काही अक्षर होतं का?”

“आगीत टाकलं ना तसंच,” सासरे म्हणाले. “अक्षर कसलं राहतंय?”

आणि मी रडलो. खोटं कशाला सांगू, भर मांडवात, एवढा मोठा मास्तर, ढसाढसा रडलो. जॉर्जियाच्या डोंगरातून निघून, समुद्र ओलांडून, भातावर विकलं जाऊन ते नाणं माझ्यापर्यंत आलं होतं, आणि माझ्याच तोंडाच्या वाफेने आटलं! बायका एकमेकींना म्हणाल्या, “बाय गं, किती माया हाय बघ पोराला.” मामाचेही डोळे भरून आले. सासऱ्यांनी मला पोटाशी धरलं. सगळा मांडव गहिवरला. फक्त समोर बसलेली ती मुलगी तेवढी कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर मी तोंड पाडून बसलो. शाळेत जायचो, यायचो, अंगठी काढून पेटीच्या एका खाचेत ठेवायचो आणि तिच्याकडे बघत बसायचो. शेवटी पूर्णाला जाऊन आईला म्हणालो, “मला नाही करायचं लग्न.” बोंबला! आई पाट घेऊन अंगावर आली. “मेल्या, साखरपुडा झाल्यावर? सायकलवरून नकार खाल्ले त्या पोरीनं. आता बोटात अंगठी घालून मोडलंस तर कोन दारात उभं राहील तिच्या? न्हाय म्हनायचं कारन काय सांगशील, आँ? नानं वितळलं?” कारण खरोखर तेवढंच होतं, आणि ते मोठ्याने ऐकल्यावर मलाच लाज वाटली. पण हट्ट काही सुटेना. मामाच्या हाती वळला निरोप गेला, की मुलगा जरा थांबा म्हणतोय.

निरोपाचं उत्तर मामा आणेल असं वाटलं होतं. उत्तर सायकलवरून आलं.

दुपारी शाळेतून येऊन मी चाळीच्या पायरीवर बसलो होतो. शेडमध्ये सगळे लूम खडाखडा चालू. ती गल्लीत शिरली, माझ्यासमोर उतरली आणि हँडल धरून उभी राहिली. काहीतरी बोलली. मला ओठ हललेले दिसले. कामतघरच्या गल्लीत लूम चालू असताना कुजबुज करायची सोय नाही, नवरा-बायकोची भांडणंसुद्धा ओरडूनच होतात. मी कानाला हात लावून “काय?” म्हणालो. ती मोठ्याने बोलली. पुन्हा “काय?” म्हणालो. तेव्हा तिने छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या ताकदीने ओरडली.

आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. सगळे लूम एका झटक्यात बंद. त्या शांततेत तिचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला:

“तुमाला मी पसंत व्हते का नाणं?”

शेडच्या दारातून कामगार बाहेर आले. वरच्या गॅलरीतून बायका वाकल्या. “क्या हुआ, मास्टर?” कोणीतरी विचारलं. चाचा खुर्ची घेऊन दारात बसले, जसं काही त्यांनी तिकीट काढलं होतं. ती लाजून पळून जाईल असं मला वाटलं. ती हलली नाही. मान लाल झाली होती, पण हलली नाही.

“बोला,” ती आता हळू म्हणाली. “बाबांना झोप न्हाय. बोलतात, काय चुकलं आमचं. मला खरं ता सांगा, मी जाईन.”

मी खोटं बोलू शकलो असतो. डोकंच चाललं नाही. म्हणालो, “नाणं.”

“हाय अल्ला,” चाचा म्हणाले.

मला वाटलं आता शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. ती म्हणाली, “मला पयल्याच दिवशी वाटलं व्हतं. पन एक सांगते. तुमी त्या नाण्याचं समदं इचारलंत. कुठून आलं, कवाचं हाय, कुठल्या डोंगरातलं हाय. गळा कोनाचा व्हता, ता इचारलं न्हाय.”

“कोणाचा?”

“माज्या आयचा. मी धा वर्षांची असताना गेली. ती निजली का मी ता फूल बोटात धरून निजायची. बाबांनी आटवायला काढलं तवा मी येक शबुद बोलले न्हाय. म्हटलं, मानूस आपल्याला बघून हो बोलला, सायकल पन त्याला चालते, जाऊ दे.”

मी उठलो, आत गेलो, पेटीतून अंगठी आणली आणि तिच्यापुढे धरली. म्हणालो, “ही घे. तुझ्या आईची आहे.”

तिने अंगठीकडे पाहिलं, हात पुढे केला नाही. “काय करू मी हिचं? आता हिच्यात माजी आय न्हाय, आनि तुमचं अक्षर पन न्हाय. दोगांचं पन गेलं.”

तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फुटला. आणि मला इतकी शरम वाटली, की त्याआधी वाटलेल्या सगळ्या लाजा त्यापुढे खेळ होत्या. मी एका अक्षरासाठी मांडवभर रडलो होतो. ही आईसाठी रडली नव्हती, कारण माझं मन राखायचं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. खरंच उंच होती. नाकाच्या शेंड्यावर घाम होता, एका हाताला शिवणाच्या सुईचे टोचे होते. डोळे अगदी सरळ बघणारे. एवढं सगळं त्या दिवशी चहाच्या कपाच्या पलीकडे बसलं होतं, आणि मी साल वाचत होतो!

“आई कशी होती तुझी?” मी विचारलं.

तिने डोळे पुसले, माझ्याकडे संशयाने पाहिलं, मी थट्टा करतोय का म्हणून. मग सांगायला लागली. “आय ना...” एवढं मला ऐकू आलं, आणि लाईट आली. कामगार आत पळाले, लूम एकामागून एक सुरू झाले. ती सांगतच राहिली. मध्येच हाताने काहीतरी एवढं एवढं दाखवलं, मध्येच हसली, मध्येच थांबून खाली पाहिलं. मला एक शब्द ऐकू येत नव्हता, आणि तिला थांबवायची माझी छाती होत नव्हती. संपल्यावर ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पायरी उतरून अगदी तिच्या कानाजवळ गेलो.

“काहीच ऐकू आलं नाही,” मी ओरडलो. “पुन्हा सांग.”

तिने सायकल स्टँडवर लावली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.